डबे कोणी दिले, हे न सांगण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विशेष आहार व पूरक पोषण विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : पावडरीचे डबे देणाऱ्यांची नावे सादर करण्यास नकार देणे, निकालपत्रातील अर्जदाराच्या भावाविषयीचे वाक्य रद्द करणे, व अर्जदाराची पावडर पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची कारणे दाखवा नोटीस.
२) निवड समितीचे निकालपत्र, ज्यात वरील वाक्य आहे.
३) समुपदेशन कक्षाचे 'ताण : मध्यम' असे प्रमाणपत्र.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. मुदतीत उत्तर न आल्यास अर्जदारास काही सांगायचे नाही असे गृहीत धरू, असे तीत लिहिले आहे. अर्जदारास पुष्कळ सांगायचे आहे. न सांगण्याची गोष्ट एकच आहे आणि नेमकी तीच आपण विचारली आहे. अर्जात 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहावे असा शेरा मारून मागचा अर्ज परत आला होता, त्या शेऱ्याचा मान राखून पुढील मजकूर सादर.

१) अर्जदार ही चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. गिऱ्हाईक पुढे आरशात तोंड वळवून वळवून फ्रेम निवडते आणि मागे अर्जदार त्या फ्रेमच्या मापाने काच चाकावर धरते. तिला जन्मतः फिनाइलकीटोन्युरिया हा आजार आहे. हे नाव घेताना आपल्या खिडकीवरच्या साहेबांची जीभ दर वेळी अडखळते. अर्जदाराच्या घरी त्याला नुसता 'आजार' म्हणतात. हल्ली साहेबही तसेच म्हणतात.

२) आजार असा. अन्नातली प्रथिने पोटात गेली की माळ तुटून मणी सुटावेत तशी त्यांची अमिनो आम्ले मोकळी होतात. त्यातला एक मणी फिनाइलअ‍ॅलानिन. इतरांच्या शरीरात तो दुसऱ्या मण्यात बदलून कामाला लागतो. अर्जदाराच्या शरीरात ही बदली करणारा कामगार जन्मापासून गैरहजर आहे. म्हणून तो मणी रक्तात मोकळाच फिरतो, साचतो, मेंदूत शिरतो आणि इतर उपयोगी मण्यांची वाट अडवून बसतो. शिवाय आणखी एक घडते. श्वासातला ऑक्सिजन पेशीत काम करतो तेव्हा काही उपद्रवी कण उडतातच; माणसात उडतात, माशात उडतात, झाडातही उडतात. निरोगी शरीर ते जागच्या जागी विझवत असते. फिनाइलअ‍ॅलानिन साचले की हे कण वाढतात आणि विझवणारी द्रव्ये अपुरी पडतात. याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. अर्जदाराच्या डॉक्टरबाईंनी हे सांगितले तेव्हा अर्जदाराने विचारले, "म्हणजे चाकावरच्या पाण्यासारखं का? धार बारीक झाली की काच तापते आणि कडेला बारीक तडे जातात." बाई म्हणाल्या, "साधारण तसंच. फक्त मेंदूची काच बदलून मिळत नाही." सगळे नुकसान याच एका कारणाने होते असे बाई म्हणत नाहीत. किती याने आणि किती दुसऱ्या कशाने, याचा शोध अजून चालू आहे, असे त्या स्वच्छ सांगतात. अर्जदारही तेवढेच म्हणते.

उपाय जुना आणि साधा आहे. दूध, अंडी, मांस, कडधान्ये, सगळे बंद. फळे, बटाटा, भाज्या मोजूनमापून. आणि अंग धरण्यासाठी एक पावडर, जीत बाकीची सर्व अमिनो आम्ले मोकळ्या स्वरूपात असतात, फक्त तो एक मणी नसतो. ही पावडर बाजारात मिळत नाही. ती आपल्या विभागामार्फतच येते.

३) अर्जदाराचा मोठा भाऊ, ज्याला ती दादा म्हणते, तिच्याआधी काही वर्षे जन्मला. तेव्हा बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासण्याची पद्धत त्या रुग्णालयात आली नव्हती. दादा गोरापान होता, केस भुरे. शेजारच्या बायका म्हणत, "कुणावर गेलाय गं?" आणि आईला ते कौतुक वाटे. त्याच्या कपड्यांना एक कुबट वास येई. आई धुलाईच्या दुकानात कामाला. वास म्हणजे तिच्या हातचा मळ. तिने दुपटी उकळली, कपाट उन्हात टाकले, भिंतीची ओल खरवडली. वास गेला नाही, कारण तो पोरातून येत होता. ती त्याला दोन्ही वेळा दूध पाजत होती, अशक्त दिसला की जास्त पाजत होती. अर्जदाराचा जन्म झाला, तिच्या टाचेतला थेंब तपासला गेला, आणि डॉक्टरांनी विचारले, "आधीचं मूल आहे का? त्यालाही घेऊन या." तोवर फार उशीर झाला होता. अर्जदारास पावडर सुरू झाली. दादालाही देऊन पाहिली. त्याचा थयथयाट थोडा कमी झाला, पण गेलेले परत आले नाही. पुढे तो ती तोंडातच घेईना आणि आईनेही हात टेकले.

दादा आज धडधाकट पुरुष आहे. त्याला दारे आवडतात. बिजागरी करकरली की तो हसतो. त्याला थोडेच शब्द येतात आणि ते तो जपून वापरतो. त्याच्याबद्दल एवढे लिहायचे कारण पुढे आपल्याच कागदात आले आहे.

४) अर्जदार कायद्याने सज्ञान झाली त्याच महिन्यात तिची पावडर बंद झाली. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "योजनेचं नाव काय? बाल-आहार. तुम्ही आता बाल नाही."
अर्जदार म्हणाली, "पण आजार गेलेला नाही."
"आजार असेल हो. योजना गेली."
अर्जदार जमेल तसे पथ्य पाळून राहिली. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रक्तातले आकडे चढू लागले. डोक्यात कापूस भरल्यासारखे होई, हात थरथरत. एका गृहस्थांच्या उजव्या डोळ्याची काच तिने डावीकडे बसवली आणि ते आपल्याच जिन्यावरून घसरले. मालक ओरडले नाहीत. त्यांनी तिचे काम आपल्याकडे घेऊन तिला फ्रेमा पुसायला बसवले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

५) मध्यंतरी अर्जदाराचे लग्न झाले. नवरा लिफ्टदुरुस्ती करतो. बोलणे कमी, पण अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलत राहण्याची त्याला सवय आहे, आणि संसारात ती उपयोगी पडते. दोघांना मूल हवे होते. डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितले, "मुलाला हा आजार नसेलही. पण तुझ्या रक्तात हे साचलेलं असलं तर ते नाळेतून बाळाकडे जातं. बाळाच्या मेंदूवर, हृदयावर परिणाम होतो. आधी आकडे खाली आण, मग बाळाचा विचार कर." म्हणून अर्जदाराने दिवस जाण्याआधी, रीतसर, पुरावे जोडून अर्ज केला. त्या अर्जाचे पुढे जे झाले ते असे :

अर्जात 'ऑक्सिडेटिव्ह ताण' असे शब्द होते. त्यातला 'ताण' तेवढा वाचून आवक शाखेने अर्ज समुपदेशन कक्षाकडे पाठवला. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला! तेथील ताईंनी अर्जदारास आरामखुर्चीत बसवले, दिवा मंद केला आणि सांगितले, "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. भरपूर ऑक्सिजन आत जातोय असं मनात आणा." अर्जदाराने सांगितले की तिच्या आजारात ऑक्सिजनचेच भांडण आहे. ताई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी 'ताण : मध्यम, सुधारणेस वाव' असे प्रमाणपत्र दिले.

तेथून अर्ज समितीपुढे गेला. एका सदस्यांनी विचारले, "अमिनो आम्ल रक्तात मोकळं फिरलं की घातक, असं तुम्हीच लिहिता. आणि मागता काय? मोकळ्या अमिनो आम्लांचाच डबा! मग विष कशाला द्यायचं आम्ही?" बाकीचे हसले. अर्जदाराने सांगितले की गावात एक चोर निघाला म्हणून सगळ्या गावाला कोंडत नाहीत. डब्यात तो एक सोडून बाकीचे आहेत. हसणे थांबले, पण सदस्यांनी मान हलवली नाही. दुसऱ्यांनी रक्ताचे अहवाल पाहून म्हटले की लहानपणीचे आकडे चांगले होते, म्हणजे आजार सौम्य. आणि आताचे वाईट आहेत, म्हणजे अर्जदार पथ्य पाळत नाही, आणि पथ्य न पाळणाऱ्यास पावडर देता येत नाही. आकडा खाली असला तरी नकार, वर असला तरी नकार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे समिती खुर्च्या टाकून बसलेली.

मग घरपाहणीस एक निरीक्षक आले. अर्जदार कामावर होती. आई आणि दादा, जे अर्जदाराकडेच राहतात, घरी होते. निरीक्षकांनी आईला विचारले, "हा जेवतो का? झोपतो का? चालतो का?" आई म्हणाली, हो, हो, हो. मग त्यांनी दादाला विचारले, "काय, कसं वाटतं?" दादा म्हणाला, "दार." आणि त्याने उठून दार लावले. निरीक्षक त्या वेळी उंबरठ्याबाहेर होते. अहवालात 'प्रश्नांस समर्पक प्रतिसाद देतो' अशी नोंद झाली, आणि त्या अहवालावरून निकालपत्रात पुढील वाक्य आले, जे अर्जदार जसेच्या तसे उतरवत आहे :

"अर्जदाराचे बंधू त्याच आजाराने ग्रस्त असूनही पावडरीविना प्रौढ वयात सुस्थितीत जिवंत असल्याने सदर पावडर जीवनावश्यक असल्याचे सिद्ध होत नाही."

आईला वाचता येते. तिने ते वाचले, कागदाची घडी घातली आणि दादाच्या शर्टाचे बटण लावून दिले, जे आधीच लावलेले होते.

६) त्यानंतर अर्जदारास दिवस गेले. ठरवून नव्हे. नवऱ्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच उतरला, आणि तो उतरलेला दिसू नये म्हणून तो हत्यारांची पेटी आवरत बसला.

अर्जदार पुन्हा आपल्या कार्यालयात आली. उजवीकडच्या खिडकीने सांगितले, निकाल झाला आहे. डावीकडची खिडकी गर्भवतींसाठी आहे, तिने विचारले, "कितवा महिना?" आणि प्रथिनयुक्त बिस्किटे व दुधाची पावडर अर्जदाराच्या हातात ठेवली. दोन खिडक्यांच्या मधे एक पातळ फळी आहे. फळीच्या एका बाजूला औषध नाकारले जाते आणि दुसऱ्या बाजूला विष हसतमुखाने मिळते. अर्जदाराने बिस्किटे परत केली. खिडकीवरच्या बाईंनी समजावले, "अहो, स्वतःसाठी नको, बाळासाठी तरी खा." अर्जदार म्हणाली, "बाळासाठीच खात नाही." त्यावर तिच्या पत्रकावर 'निष्काळजी गर्भवती, आहार नाकारते' असा शेरा पडला. तो आजही आहे.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "नको हे मूल." अर्जदाराने हातातला बटाटा खाली ठेवला. आई म्हणाली, "मी माझ्या हाताने दूध पाजलंय. मला माहीत नव्हतं गं. तुला तर माहीत आहे. अजून एकाला असं दारं उघड-झाक करताना मला नाही बघवणार." दादा तिथेच होता. त्याला कळले की नाही, कुणास ठाऊक. आईला मात्र आपलेच शब्द लागले. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अर्जदार म्हणाली, "आई, तुला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मला सांगितलंय, आणि वर देत नाहीत. यात तुझा दोष कुठला आणि बाळाचा तरी कुठला? मी मूल ठेवणार. पावडर मिळवणार." कशी मिळवणार हे तिला त्या वेळी अजिबात माहीत नव्हते.

७) आता नोटिशीचा मुद्दा.

रक्त तपासणी केंद्राच्या दालनात ठरलेल्या वारी याच आजाराच्या मुलांच्या आया येतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याचे चित्र, कोपऱ्यात गळका नळ. अर्जदार तिथे लहानपणापासून येते. आया बदलल्या, खुर्च्या त्याच आहेत. दिवस गेल्यावरच्या तपासणीत आकडा ऐकून अर्जदार खुर्चीवर बसली ती उठेना. शेजारच्या बाईने विचारले, "काय झालं हो?" अर्जदार शक्यतो रडत नाही, पण तेव्हा रडली आणि सगळे सांगितले.

महोदय, आपला विभाग मुलांना मधूनमधून स्ट्रॉबेरी चवीचे डबे देतो. ते चाखून बघण्याची वेळ आपल्यावर आली नसावी. मुले ती चव थुंकून टाकतात. आया साध्या चवीचे डबे कसेबसे पुरवतात आणि स्ट्रॉबेरीचे डबे कपाटावर धूळ खात, मुदत संपायची वाट बघत पडून राहतात. परत घेण्याची आपल्याकडे सोय नाही. त्या बाईने अर्जदाराचे बोलणे ऐकून घेतले, मग तिच्या पोटाकडे पाहिले, आणि म्हणाली, "स्ट्रॉबेरी चालेल का?"

पुढच्या वेळी अर्जदाराच्या खुर्चीखाली एक पिशवी होती. त्यापुढच्या वेळी दोन. कोणी ठेवली हे पाहायचे नाही, असे दालनात न बोलता ठरले होते. एका आईने पिशवीत बाळाचे टोपडेही घातले होते. डॉक्टरबाईंनी अर्जदारासाठी प्रमाण नव्याने ठरवून दिले, कारण मुलाचे माप गर्भवतीला लागू पडत नाही. डबे कुठून आले, हे त्यांनी विचारले नाही. एकाही मुलाच्या तोंडचा घास कमी झाला नाही. अर्जदाराने प्रत्येक पिशवीच्या वेळी, कोणा एकीकडे न पाहता, साऱ्या दालनाला मोठ्याने विचारून खात्री केली आहे : "तुमच्या लेकराला पुरून उरलंय ना?"

स्ट्रॉबेरीची ती पावडर अर्जदाराने नाक दाबून प्यायली. उलटी झाली की पुन्हा प्यायली. नवरा समोर बसून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राही, कुठल्या लिफ्टमध्ये कोण अडकले, कोण चिडले, कोण आतल्या आत गाऊ लागले, आणि पेला रिकामा होई. आकडा उतरला. पुढे उतरलेलाच राहिला. हात स्थिर झाले, तशी मालकांनी न बोलता तिच्यापुढे पुन्हा चाक आणि काचा ठेवल्या.

८) मुलगी झाली. तिचे डोके डॉक्टरबाईंनी फितीने मोजले, पुन्हा मोजले आणि फीत खिशात टाकली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. मग म्हणाल्या, "सगळं ठीक आहे." टाचेतला थेंब तपासला, आजार नाही. आईने नातीला उचलण्याआधी तिच्या दुपट्याचा वास घेतला. तिला वाटले कोणी पाहत नाही. दुपट्याला साबणाचा वास होता. मग ती जी रडायला लागली, ती परिचारिकेने खुर्ची आणून दिली तरी उभ्यानेच रडत राहिली.

९) आणि मुलगी मान धरायला लागली तेव्हा आपली नोटीस आली. अर्जदाराची पावडर तर बंद आहे, मग आकडा उतरला कसा, असा प्रश्न आपल्या लेखापरीक्षणास पडला. आकडा चढलेला होता तेव्हा तो कोणालाच पडला नव्हता. नोटिशीनुसार अर्जदाराने 'लाभाचे बेकायदा हस्तांतरण' केले आहे. डबे देणाऱ्यांची नावे दिल्यास अर्जदाराविरुद्धची कारवाई सौम्य होईल, आणि त्या कुटुंबांचा लाभ चौकशी होईपर्यंत थांबवला जाईल. म्हणजे त्यांच्या मुलांची पावडर थांबेल. अर्जदाराने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले, कारण ते कोणी शुद्धीत लिहिले असेल यावर तिचा विश्वास बसेना.

सबब अर्जदार पुढीलप्रमाणे कळवते.

नावे मिळणार नाहीत. तोंडी नाहीत, लेखी नाहीत, सौम्य कारवाईच्या बदल्यात नाहीत. दालनात विचारपूस करायला माणूस पाठवायचा असल्यास खुशाल पाठवावा. तिथे बसायला खुर्ची मिळेल, उत्तर मिळणार नाही. डबे घेतले ते अर्जदाराने. ते प्यायली अर्जदार. जी काही शिक्षा असेल ती तिच्या एकटीच्या नावावर लिहावी.

निकालपत्रातील भावाविषयीचे वाक्य रद्द करावे. दादा जिवंत आहे हे खरे. परंतु तो पावडर न लागल्याचा पुरावा नाही. पावडर वेळेवर न मिळाल्याने काय जाते, हे ज्याच्या अंगावर लिहिले आहे तो माणूस आहे. त्याला पुरावा म्हणून वापरायचेच असेल तर आधी त्याच्यासमोर बसावे. निरीक्षक नको, संचालकांनी स्वतः यावे. आई चहा करील. दादा दार उघडेल. तो ते फार छान उघडतो.

योजनेच्या नावातला 'बाल' हा शब्द काढावा, अथवा आजाराला वयाची मर्यादा समजावून सांगण्याची व्यवस्था विभागाने करावी. दालनातली बरीच मुले आता वयात येत आहेत. त्यांच्या आया आपल्या खिडकीकडे कशा नजरेने बघतात ते अर्जदाराने पाहिले आहे.

अर्जदाराची पावडर सुरू करावी. चव कोणतीही चालेल.

हा अर्ज दयेसाठी नाही. सुनावणीस अर्जदार मुलीला घेऊन हजर राहील, कारण ती अंगावर पिते आणि तिला घरी ठेवता येत नाही. सुनावणी लांबली तर ती रडेल, व तिला गप्प करण्याची जबाबदारी अर्जदार घेत नाही.

शेवटचे. उद्या त्या दालनात दुसरी कोणी पोट घेऊन खुर्चीवर बसली आणि उठेना झाली, तर अर्जदार तिच्या खुर्चीखाली पिशवी ठेवील. हा कबुलीजबाब समजू नये. ही आगाऊ सूचना आहे, आणि आवक शाखेने तिची नोंद करून पोच द्यावी.

आपल्या विभागाने वगळलेली, परंतु ठणठणीत,
(सही)
अर्जदार

दिनांक : ९ जून

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) मुलीच्या जन्मवेळच्या तपासणीचा अहवाल.
३) डॉक्टरबाईंचे पत्र, ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे मनावरचा ताण नव्हे हे स्पष्ट करणारे.
४) स्ट्रॉबेरी चवीच्या पावडरीची पुडी, चमच्यासह. कृपया समितीच्या प्रत्येक सदस्याने चाखून पाहावी.